सासूचा रोल

चिऊ,

काल फोनवर केवढी फणकारलीस, "एकांकिकेत मला सासू दिलीये, लीड तिला." तेव्हा मी गप्प बसले कारण तू ऐकायच्या मूडमध्येच नव्हतीस, म्हणून आता सावकाश लिहितेय, पूर्ण वाच, वरवर बघून नुसता अंगठा पाठवू नकोस.

ललिता पवार. हो गं, टीव्हीवरच्या रामायणातली मंथरा, तुमच्या पिढीला तेवढीच माहीत. बाई आपल्या पैठणीवाल्या येवल्याची, जन्म 1916 चा, आणि मूकपटात चक्क हिरॉइन होती! 1932 ला ‘कैलास’ नावाचा मूकपट स्वतःच काढला आणि त्यात तीन रोल पण स्वतःच केले. पुढे 1942 च्या सुमाराला शूटिंगमध्ये सीनमधली थप्पड खरीच जोरात बसली, मारणारे भगवानदादा, चेहऱ्याची एक बाजू लुळी पडली, ट्रीटमेंट खूप चालली पण डावा डोळा बारीक झाला तो झालाच. ही थप्पडेची स्टोरी जो तो सांगतो. मला इंटरेस्ट आहे तो त्याच्या पुढच्यात.

हिरॉइनची कामं गेली तर बाईंनी तोच डोळा कामाला लावला. 1944 च्या ‘रामशास्त्री’त आनंदीबाई, ध चा मा वाली, वय किती तर 28! नंतर सासवा तर विचारूच नको. समोर सून बोलत असते आणि ह्या नुसतं तो डोळा अजून बारीक करून बघतात, डायलॉग यायच्या आधीच आपली टरकलेली असते. तुझी आजी टीव्हीवर त्या दिसल्या की "आली मेली" म्हणायची आणि जागची हलायची नाही.

पण मला विचारशील तर मंथरा नाही, ‘अनाडी’तली मिसेस डिसा बघ. 1959 चा पिक्चर. फ्रॉक घातलेली घरमालकीण, राज कपूरवर भाड्यासाठी ओरडते आणि ओरडता ओरडता त्यालाच जेवायला घालते, राग नक्की कुठे संपला आणि माया कुठे सुरू झाली ते मला अजून पकडता आलेलं नाही. डोळा तोच हं, पण इथे भीती अजिबात वाटत नाही! फिल्मफेअर मिळालं त्याला. आणि गंमत म्हणजे राज कपूरपेक्षा त्या जेमतेम आठ वर्षांनी मोठ्या, ‘श्री 420’ मधली केळेवाली गंगामाई पण त्याच. तुझी ‘सून’ तुझ्या वर्गातली आहे म्हणून तू रडतेस!

तर आता विग, पावडर आणि कमरेत वाकणं ह्याच्या मागे लागू नकोस, सगळ्या कॉलेजातल्या म्हाताऱ्या तशाच असतात. ती सासू सुनेवर चिडलीये की मुलावर, ते आधी डायरेक्टरला विचार. माझं नऊवारी कपाटात वरच्या कप्प्यात आहे, शनिवारी आलीस की घेऊन जा, पिन लावून फाडलंस तर बघ.

तुझी,
आई