तुम्ही दार लावून घेतलंत

डॉक्टर मॅडम,

सप्रेम नमस्कार.

बंड्याला जाऊन आज पंधरा दिवस झाले. तुम्हाला फोन करायचा म्हणून तीनदा नंबर काढला आणि तीनदा ठेवून दिला. 'हॅलो'च्या पुढे मला बोलवणार नाही, हे ठाऊक होतं. म्हणून लिहिते आहे, आणि चारचौघांना वाचता येईल असं लिहिते आहे. तुमचं नाव मात्र घालत नाही. तुम्हाला ते आवडणार नाही असं बाबांचं म्हणणं आहे, आणि माणूस ओळखण्यात बाबा सहसा चुकत नाहीत.

जूनच्या शेवटच्या रविवारची ती संध्याकाळ. बंड्या आमच्या इमारतीच्या जिन्यात बसला तो उठेचना. सकाळी नीट जेवला होता, दुपारी वर्तमानपत्रवाल्यावर भुंकलाही होता. आईने त्याचा ओठ वर करून पाहिला आणि म्हणाली, "अगं, याच्या हिरड्या पांढऱ्याफटक पडल्यात." पोटही टम्म वाटत होतं. कन्नमवार नगरातून रिक्षा मिळायला एरवी अडचण नसते, पण कुत्रा पाहिल्यावर दोघांनी मान हलवली आणि निघून गेले. तिसऱ्याने काही न विचारता स्वतःचा रेनकोट मागच्या सीटवर अंथरला. "रिक्षा धुता येते, ताई. बसा." त्याचा नंबर टिपून घ्यायचं सुचलं नाही याची चुटपुट अजून लागून आहे.

आधी आम्ही तुमच्याकडे आलो नव्हतो. आधी जिथे गेलो तिथलं नाव मी लिहिणार नाही, पण जे झालं ते लिहिणार आहे. सोनोग्राफी त्यांनी लगेच केली आणि निदानही बरोबर केलं. प्लीहेवर, म्हणजे पोटातल्या स्प्लीनवर गाठ, ती फुटलेली, पोटात रक्त साचतंय. माझी तक्रार त्यानंतरची आहे. बाहेर सात-आठ माणसं बसलेली असताना काउंटरवरच्या मुलीने खर्चाचा कागद हातात धरून मोठ्याने वाचला. "एक लाख दहा हजार. निम्मे आत्ता भरावे लागतील." सगळ्यांच्या नजरा बाबांवर. बाबांच्या हातात प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेलं पासबुक होतं. घाईत निघताना त्यांनी तेवढंच उचललं होतं. ते म्हणाले, "जरा विचार करतो." त्यावर आतून बाहेर आलेले डॉक्टर म्हणाले, "आम्ही तर याला घरातलाच समजतो. तुम्ही समजता की नाही, ते तुमचं तुम्ही ठरवा."

माझ्या बाबांनी बंड्याला २०१४च्या पावसात रेशन दुकानाच्या फळीखालून शर्टात घालून घरी आणलं होतं. पहिले आठ दिवस कापसाच्या बोळ्याने दूध पाजलं होतं. त्या माणसाला भर गर्दीत हे ऐकावं लागलं. ते काही बोलले नाहीत, पासबुक पिशवीत परत घालत राहिले. ती पिशवी त्यांच्याकडून नीट बंदच होईना.

शेजारच्या औषधाच्या दुकानदाराने तुमचा पत्ता दिला. आम्ही पोचलो तेव्हा तुमचं शटर अर्धं खाली आलं होतं. तुम्ही ते परत वर केलंत. बंड्याला टेबलावर चढवू दिलं नाहीत, स्टीलवर त्याचे पाय घसरतात म्हणून. खालीच सतरंजीवर त्याला तपासलंत, हिरडीवर अंगठा दाबून रंग परत यायला किती वेळ लागतो ते मला दाखवलंत. (दोन सेकंदांच्या आत गुलाबी रंग परत यायला हवा. ज्यांच्या घरी कुत्रा आहे त्यांनी एवढं तरी शिकून ठेवा.) सलाइन लावलंत, पोट पट्टीने घट्ट बांधलंत. त्यानंतर तुम्ही उठलात, बाहेर बसलेल्या दोन माणसांना "पाच मिनिटं हं" म्हणालात आणि आतलं दार लावून घेतलंत. मग अगदी हळू आवाजात म्हणालात, "काका, आता आपण पैशांचं बोलू."

बस, एवढंच. पुढे तुम्ही पुष्कळ काही केलंत, पण रात्री झोप लागत नाही तेव्हा मला त्या कडीचा आवाज आठवतो. आमच्यासारख्यांच्या घरात पैशांचं बोलणं दार लावूनच होतं, डॉक्टर. मुलीच्या लग्नाचं असो की सोसायटीच्या थकबाकीचं. तुम्हाला ते कुणी सांगावं लागलं नाही. बाबांच्या खांद्यांत इतका वेळ ताठून राहिलेलं काहीतरी खाली बसलेलं मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं.

बाबा म्हणाले, "साठपर्यंत जमवतो." तुम्ही लगेच कॅल्क्युलेटर ओढला नाहीत. विचारलंत, "या साठ हजारांनी घरातलं काही अडणार आहे का?" बाबा गप्प. मग आईनेच सांगितलं, की ऑगस्टमध्ये तिचं मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलंय. तेव्हा तुम्ही कागदावर लिहिलेले साठ खोडलेत आणि त्याखाली पंचेचाळीस लिहिलेत. "मग आपला आकडा हा. यात काय होतं ते बघू." गिऱ्हाइकाचा आकडा स्वतःहून कमी करणारं माणूस मी त्याआधी पाहिलेलं नव्हतं.

आणि मग तुम्ही खरं सांगितलंत. प्लीहेच्या अशा गाठींत ढोबळमानाने तीनातल्या दोन कॅन्सरच्या निघतात, आणि त्यातही बहुतेक वेळा हेमँजिओसार्कोमा, म्हणजे रक्तवाहिन्यांचा कॅन्सर. सोनोग्राफीवरून चांगली की वाईट ते खात्रीने कळत नाही, गाठ काढून तपासायला पाठवावी लागते. वाईट निघाली तर नुसत्या ऑपरेशनने साधारण एक ते तीन महिने, केमो दिली तर चार ते सहा. वर्ष काढणारे थोडेच. चांगली निघाली तर मात्र पुरता बरा. तुम्ही आकडे गोड केले नाहीत आणि त्या आकड्यांनी घाबरवलंही नाहीत. माझ्याकडेच करा असंही म्हणाला नाहीत. परळच्या पेटिट हॉस्पिटलचा पर्याय सांगितलात, महालक्ष्मीला २०२४मध्ये सुरू झालेल्या टाटांच्या प्राण्यांच्या हॉस्पिटलचाही सांगितलात. फक्त एवढा प्रवास आत्ता त्याला झेपेल का, याची शंका बोलून दाखवलीत. पेटिटचं नाव निघाल्यावर बाबा त्या अवस्थेतही म्हणाले, "म्हणजे आमचं बैलघोडा हॉस्पिटल." ते लालबागच्या चाळीत वाढले. त्यांच्या लहानपणी जनावरांचा दवाखाना म्हणजे तेवढाच ठाऊक. तुम्ही हसलात, आणि त्या संध्याकाळी बाबाही पहिल्यांदा हसले.

शेवटी तुम्ही म्हणालात, "आज इंजेक्शन देऊन त्याला शांत झोपवलंत, तरी तुम्ही त्याला वाऱ्यावर सोडलं असं होणार नाही. तोही उपचारच आहे. मी दहा मिनिटं बाहेर थांबते." आणि खरंच बाहेर जाऊन थांबलात.

त्या दहा मिनिटांत आम्ही तिघं काय बोललो ते इथे लिहिणार नाही. ठरलं ते असं: छातीचा एक्स-रे काढायचा, हृदयावर एकदा सोनोग्राफीचं यंत्र फिरवायचं. तिथे काही दिसलं नाही तर ऑपरेशन. पोट उघडल्यावर यकृतावर पसरलेलं दिसलं, तर त्याला भुलीतून जागं करायचं नाही. बाबांनी सही केली, पासबुकावर करतात तशी, सावकाश, मराठीत.

मग रक्ताची शोधाशोध. कुत्र्यांचेही रक्तगट असतात हे मला त्या रात्री कळलं. पंचवीस किलोच्या वरचा, तरुण, निरोगी, लसी झालेला कुत्रा हवा होता. तुम्ही चार फोन केलेत, मी कॉलनीच्या ग्रुपवर टाकलं. साडेअकराला भांडुपहून एक जण आला, स्कूटरवर पुढे पाय ठेवायच्या जागेत त्याचा लॅब्रेडोर बसलेला, दोघेही पावसात निथळत. तुम्ही दोघांचं रक्त जुळवून पाहिलंत, आणि तो लॅब्रेडोर मालकाच्या मांडीवर डोकं ठेवून निमूटपणे रक्त देत पडून राहिला. आईने पेट्रोलचे पैसे पुढे केले तर तो माणूस म्हणाला, "मावशी, उद्या आमच्यावर वेळ आली तर तुमच्या बंड्याला आणा." अकरा वर्षांच्या आजारी बंड्याचं रक्त कुणाला चालणार नव्हतं हे त्यालाही माहीत होतं.

आमच्या इमारतीतल्या एकांनी दुसऱ्या दिवशी विचारलं, "गावठी कुत्र्यावर एवढा खर्च?" मी त्यांना उत्तर दिलं नाही. पण मला एक सांगायचंय. 'कुत्र्यावर कशाला एवढे पैसे' म्हणणारा आणि 'प्रेम असेल तर पैसे बघणार नाही' म्हणणारा, हे दोघेही मला त्या दोन दिवसांत भेटले, आणि दोघांनीही सारखंच दुखवलं. आमच्या घरात काय शिजतं, कुणाचे डोळे अधू झालेत, कुणाची नोकरी कंत्राटी आहे, यातलं काही ठाऊक नसताना आमची माया मापायला निघाले होते ते. रेनकोट अंथरणारा रिक्षावाला, स्कूटरवरचा तो मुलगा आणि तुम्ही, तुमच्यापैकी कुणीच आम्हाला मापलं नाही. या शहरात खेटून उभं राहणारी माणसं पुष्कळ भेटतात. पण आपली अडचण पाहून अलगद पाठमोरं होणारी माणसंही इथे आहेत, आणि मुंबई त्यांच्यावरच चालली आहे असं मला हल्ली फार वाटतं.

रिपोर्ट वाईट आला. तो सांगायला तुम्ही मला फोन केलात, कारण बाबांना एकट्याने ऐकावं लागू नये असं तुम्हाला वाटलं. केमोचं तुम्ही समजावून सांगितलंत. आम्ही नको म्हटलं आणि तुम्ही "ठीक" म्हणालात. त्या 'ठीक'मध्ये नाराजी शोधायचा मी फार प्रयत्न केला. सापडली नाही.

अकरा आठवडे मिळाले, डॉक्टर. पहिला आठवडा तो नुसता झोपला. त्यानंतर मात्र तो पूर्वीचा बंड्या होता. जिना चढायचा, वर्तमानपत्रवाल्यावर भुंकायचा, आई पोळ्या लाटायला बसली की शेवटच्या लहान पोळीची वाट बघत ओट्यापाशी बसायचा. गणपतीत आरती सुरू झाली की तो दरवर्षी हेल काढायचा, यंदाही काढला. बाबांची टाळी मध्येच थांबली. आम्ही सगळे तसेच म्हणत राहिलो, कुणी कुणाकडे बघितलं नाही. गौरीच्या दिवशी त्याला एक उकडीचा मोदक मिळाला. तुम्हाला विचारलं नव्हतं, आता सांगून टाकते.

सप्टेंबरच्या मध्यावर एका पहाटे त्याच्या हिरड्या पुन्हा पांढऱ्या झाल्या. या वेळी कुणालाच विचार करावा लागला नाही. तुम्ही सहाच्या आत घरी आलात. त्याला त्याच्या गोधडीवरून हलवू दिलं नाहीत. बाबांचा हात त्याच्या कानामागे होता, जिथे त्याला खाजवलेलं आवडायचं. तुम्ही निघालात तेव्हा बाबांनी फी विचारली, आणि तुम्ही "काका, नंतर बघू" म्हणालात. ते नंतर अजून झालेलं नाही, ते बाबांना फार लागून राहिलंय.

आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन ऑगस्टमध्ये ठरल्याप्रमाणे झालं. आता तिला गॅलरीतून समोरच्या पिंपळावरचे पोपट दिसतात. तिने बंड्याची गोधडी धुऊन ठेवली आहे. तुमच्याकडे थंडीत एखाद्या कुत्र्याला लागेल म्हणून ती द्यायची म्हणते. न उघडलेल्या औषधांच्या दोन पट्ट्याही आहेत. रविवारी संध्याकाळी बाबा आणि मी घेऊन येऊ, तुमचं शटर खाली जायच्या बेताला, म्हणजे पेशंट नसतील. बाबा ते नंतरचे पैसेही पाकिटात घालून आणणार आहेत. कृपा करून घ्या. आणि आईने नारळाच्या वड्या केल्यात, त्याही.

आपली,
विक्रोळीच्या बंड्याची ताई