प्रागचं थिएटर आणि तुमची वर्गणी

चिन्या,

काल रात्री ठाण्यात पोचलो, बॅगा अजून हॉलमध्येच पडल्यात. फोनवर तू घाईत होतास म्हणून लिहितेय.

प्रागचं नॅशनल थिएटर टूरवाले फक्त बसमधून दाखवणार होते, पण मी आणि बाबा शॉपिंगला दांडी मारून बॅलेची सगळ्यात स्वस्त, पार वरच्या गॅलरीतली तिकिटं काढून आत गेलो. नदीकाठी उभंय, छपरावर सोनेरी नक्षी, वर तीन तीन घोड्यांचे रथ, आत इतकं सोनं की माझी मान दुखली वर बघून बघून. बॅले मला फारसा कळला नाही, बाबा तर चक्क घोरत होते.

स्टेजच्या वर लिहिलंय 'नारोद सोबे', म्हणजे राष्ट्राने स्वतःलाच दिलेलं. तेव्हा तिथं ऑस्ट्रियाचं राज्य होतं आणि झेक लोकांना आपल्या भाषेतलं थिएटर पाहिजे होतं, म्हणून गावागावातून वर्गणी. पायाचे दगडसुद्धा ठिकठिकाणच्या डोंगरांवरून आणलेले, ते तळघरात ठेवलेत, इंटरव्हलला मी हात लावून आले. १८६८ ला पायाभरणी, जून १८८१ मध्ये उघडलं आणि दोनच महिन्यांत, छतावर काम चालू असताना आग लागून पार जळालं! मी असते तर रडत बसले असते. तर या लोकांनी ४७ दिवसांत दहा लाख गुल्डन (तेव्हाचं तिथलं चलन) परत जमवले आणि १८८३ च्या नोव्हेंबरात थिएटर पुन्हा चालू. तेही विजेच्या दिव्यांवर, तुझ्यासारख्या लाइट्सवाल्याला हे सांगायलाच पाहिजे. मोठा पडदा आहे ना, हिनाइस नावाच्या चित्रकाराचा, त्याच्यावर राजेबिजे नाहीत, थिएटर बांधणारे कारागीर आणि देणग्या घेऊन आलेले लोक रंगवलेत.

ते बघताना मला आपली सोसायटी आठवली रे. तुम्ही पोरं एकांकिकेच्या लाइट्सच्या भाड्यासाठी घरोघर फिरलात तेव्हा मी दारातच ओरडले होते, लोकांपुढे काय हात पसरताय म्हणून. शेजारच्या काकूंनी शंभर दिले, मी काहीच नाही दिलं.

रविवारी ये, गडकरीला नाटकाची तीन तिकिटं काढलीत, आधी तलावपाळीला भेळ खाऊ. आणि ती वर्गणीची डायरी घेऊन ये, माझ्या नावावर पाचशे लिही. बाबांकडून वेगळे घे, ते माझ्यात भागवायला बघतील.

आई