बालविभागाचं कुलूप काढा की

संपादक महोदय,
स. न.
मागच्या रविवारी पाच वर्षांच्या नातीला घेऊन गावातल्या वाचनालयात गेलो. आत शिरल्या शिरल्या मोठी पाटी, ‘शांतता राखा’. तिला अजून वाचता येत नाही ते बरंच. बालविभाग म्हणजे काय तर कोपऱ्यात एक काचेचं कपाट, त्याला कुलूप, आणि किल्ली ज्यांच्याकडे ते जेवायला गेलेले! पोरगी काचेला नाक लावून उभी, आतल्या एका पुस्तकावर हत्ती दिसत होता, "आजोबा काढा ना तो" एवढंच चालू. अर्ध्या तासाने पुस्तक हातात आलं, चार पानं बघून झाली पण घरी न्यायला नाही दिलं, का तर लहान आहे, फाडेल. डिपॉझिट देतो म्हटलं तरी नाही.

रत्नागिरीचं नगर वाचनालय १८२८ सालचं, राज्यात ग्रंथालयांचा कायदा १९६७ पासून आहे, अ ब क ड वर्ग बघून अनुदानही मिळतं, मग मुलांपाशीच कुठे अडतं? १५ ऑक्टोबरला कलामांच्या जयंतीला वाचन प्रेरणा दिनाचे फोटो तेवढे झकास येतात. माझं म्हणणं एवढंच की खालचे दोन कप्पे उघडे ठेवा, एक सतरंजी टाका आणि रविवारी तासभर कुणीतरी मोठ्याने गोष्ट वाचा, मी येतो, फुकट. पानं फाटतील तर फाटू देत, चिकटवायला डिंक मी आणतो.

– एक आजोबा