फायटरला सोबती देण्याआधी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या महिन्यात आमच्या इमारतीतल्या सातवीतल्या एका मुलाला वाढदिवसाला मासे मिळाले. गोल काचेचे भांडे, तळाला निळे-गुलाबी खडे, आत एक लालभडक फायटर, दोन गोल्डफिश आणि ‘काच साफ ठेवायला’ म्हणून दिलेला एक सकर. पाचव्या दिवशी संध्याकाळी ते भांडे दोन्ही हातांनी सांभाळत तो माझ्या दारात उभा राहिला. एक गोल्डफिश मेला होता आणि फायटरच्या शेपटीच्या चिंध्या झाल्या होत्या. “काकू, हा फायटर वाईट आहे का?” असे त्याने विचारले. त्याला जे सांगितले तेच जरा सविस्तर मांडावे म्हणून हे पत्र लिहीत आहे.

हे मी शिकले ते स्वतःच्या चुकीतून. सहा वर्षांपूर्वी मुलीसाठी पहिला फायटर आणला तेव्हा तो एकटा पडेल म्हणून आम्ही त्याच्यासोबत तीन टायगर बार्ब घेतले. “बरोबर चालतील ना?” असे विचारले, तर “सगळे चालतात” असे उत्तर मिळाले. टायगर बार्ब हा थव्याचा मासा. सात-आठ जण असले की त्यांच्या खोड्या आपसात चालतात. तिघेच असले की जो हळू पोहतो आणि ज्याचे पर लांब लोंबतात त्याच्या मागे लागतात. आमचा निळा फायटर दहाव्या दिवशी गेला. मुलीने त्याला गच्चीतल्या कुंडीत पुरले आणि पुढे कितीतरी दिवस ती टाकीकडे फिरकली नाही.

ज्याला आपण फायटर म्हणतो तो बेट्टा मूळचा थायलंडकडचा. तिथल्या भातखाचरांत, पाणथळीत, संथ उथळ पाण्यात तो राहतो. २०१९ मध्ये थायलंड सरकारने त्याला आपला राष्ट्रीय जलचर म्हणून जाहीर केले. नर आपली हद्द राखतो, पाण्यावर बुडबुड्यांचे घरटे करतो आणि त्यातल्या पिल्लांची राखण स्वतः करतो. दुसरा नर आला की कल्ले फुलवून दम देतो. खाचरात हरलेला मासा गवतातून निसटून जातो आणि भांडण तिथेच संपते. काचेच्या टाकीत त्याला जायला जागाच नसते. त्यात माणसांनी झुंजी लावण्यासाठी पिढ्यान्‌पिढ्या जास्त चिवट भांडणारे मासे निवडून वाढवले. त्या मुलाला मी एवढेच म्हणाले, की मासा वाईट नाही, आपण त्याला पळायला जागा ठेवली नाही.

दुसरा गैरसमज प्लॅस्टिकच्या ग्लासाचा. दुकानात फायटर ग्लासात विकतात, म्हणून त्याला ग्लासभर पाणी पुरते असे लोक धरून चालतात. त्याच्या डोक्यात कल्ल्यांच्या वर एक घड्याघड्यांचा अवयव असतो. त्यामुळे तो पृष्ठभागावर येऊन हवेतला प्राणवायू घेऊ शकतो आणि घाणेरड्या पाण्यातही बरेच दिवस तग धरतो. तग धरणे म्हणजे सुखात असणे नव्हे. एकट्या फायटरलाही किमान वीस लिटर पाणी हवे, आणि सोबती द्यायचे तर दोन फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच टाकी. ती काठोकाठ भरली तर सुमारे ५६ लिटर होते, वाळू आणि झाडे धरून ५० समजा.

आता कोण नको. दुसरा नर फायटर अजिबात नको. मादीसुद्धा पिल्ले काढण्यापुरतीच, तीही अनुभवी माणसाने. गप्पी स्वस्त आणि सुंदर म्हणून सर्रास दिले जातात, पण नर गप्पीची रंगीत पसरट शेपटी फायटरला दुसऱ्या नरासारखी वाटते आणि तो तुटून पडतो. गुरामी त्याच्याच कुळातले, त्यामुळे हद्दीचे भांडण ठरलेले. एंजल मोठा होतो आणि तोही दांडगाई करतो. गोल्डफिशला त्याच्यापेक्षा थंड पाणी मानवते, फायटरला २४ ते २८ अंश लागतात. शिवाय गोल्डफिश खूप घाण करतो आणि फूटभर वाढू शकतो. सकरबद्दल तर मला हात जोडून सांगावेसे वाटते. दोन इंचांचा दिसणारा तो मासा फूटभराच्या वर जातो, आणि अंगठ्याएवढा असतानाच तो विकला जात असल्याने हे कुणाच्या लक्षात येत नाही. पोट भरले नाही की रात्री संथ माशांच्या अंगावरचा चिकट थर चाटतो. त्या मुलाच्या भांड्यात या दोघांनी मिळूनच फायटरची ती दशा केली असावी.

मग कोण चालेल? आमच्या घरी आता तिसरा फायटर आहे आणि त्याच्यासोबत आठ हार्लेक्विन रास्बोरा आहेत. तांबूस अंगावर काळा त्रिकोण असलेले हे मासे मधल्या पाण्यात थव्याने फिरतात, कुणाच्या शेपटीला तोंड लावत नाहीत. याहून लहान मासे हवे असतील तर एम्बर टेट्रा घ्यावेत, ते जेमतेम पाऊण इंचाचे असतात. तळाशी पिग्मी कोरी किंवा कूली लोच. कोरीच्या मिशा नाजूक असतात, म्हणून खाली बारीक गुळगुळीत वाळू हवी, धारदार खडे नकोत. हे सारे थव्याचे मासे आहेत, दोन-दोन आणून उपयोग नाही, सहाच्या खाली जाऊ नये. काच साफ ठेवायची असेल तर सकरऐवजी नेराइट गोगलगाय आणावी. ती शेवाळ खाते आणि तिची अंडी गोड्या पाण्यात फुटत नाहीत, त्यामुळे टाकी गोगलगायींनी भरून जात नाही. चेरी कोळंबी दिसायला गोड, पण तिची पिल्ले फायटरचा खाऊ होतात हे माहीत असू द्यावे.

एवढे करूनही सगळे फायटर सारखे नसतात. आमचा दुसरा इतका तापट होता की त्याला गोगलगायही खपत नसे, तिच्या शिंगांना चावे काढायचा. त्याला शेवटपर्यंत एकटाच ठेवला, आणि तो तीन वर्षे मजेत जगला. फायटर एकटा कंटाळतो ही आपली समजूत आहे. त्याला कोमट स्वच्छ पाणी, टेकायला रुंद पाने आणि लपायला कोपरा मिळाला की त्याचे भागते. सोबती आपल्याला हवे असतात, आणि तशी इच्छा होण्यात काही चूक नाही, पण मग त्याची काळजी आपणच घ्यायला हवी. आधी सोबती सोडावेत, फायटर सर्वांत शेवटी, म्हणजे टाकी आपलीच असे तो धरून बसत नाही. पहिले काही दिवस नीट पाहत राहावे आणि वेळ आलीच तर हलवायला एक वेगळे भांडे तयार ठेवावे.

नव्या टाकीत त्याच दिवशी मासे सोडणे ही सगळ्यात महागात पडणारी चूक. माशांच्या विष्ठेतून आणि कुजणाऱ्या खाण्यातून अमोनिया तयार होतो, आणि तो माशांना विषारी असतो. तो पचवणारे जिवाणू फिल्टरमध्ये वाढायला चार ते सहा आठवडे लागतात. नळाच्या पाण्यातले क्लोरिन अँटीक्लोरिनचे थेंब टाकून घालवावे लागते. ठाण्यात डिसेंबर-जानेवारीच्या रात्री पाणी गार पडते, तेव्हा लहानसा हीटर हवाच. आणि एक बिनखर्चाची गोष्ट: आपल्या सोसायट्यांच्या आवारात बदामाची मोठमोठी झाडे असतात. त्यांची आपोआप गळलेली, पूर्ण सुकलेली, फवारणी न झालेली दोन पाने धुऊन टाकीत टाकावीत. पाणी चहासारखे होते आणि फायटरला ते मानवते. थायलंडमधले मासे पाळणारेही हीच पाने वापरतात.

दुकानदारांकडे माझी एक विनंती आहे. प्रत्येक टाकीवर किमतीच्या पाटीशेजारी आणखी तीन ओळी लिहाव्यात: हा मासा किती मोठा होतो, किती जणांच्या थव्यात ठेवायचा, आणि कुणाबरोबर ठेवायचा नाही. दोन ग्लासांमधला पुठ्ठा काढून मुलांना फायटरचा राग दाखवण्याचा खेळही बंद व्हावा. त्या माशाच्या जिवाला तो ताण असतो.

ज्यांच्याकडे मासे जमले नाहीत त्यांनी ते मासुंदा, उपवन किंवा कचराळी तलावात सोडू नयेत. तलावांचे शहर म्हणून आपण मिरवतो, पण परके मासे त्या पाण्यात सोडणे हा तलावावर अन्याय आहे. देशातल्या अनेक नद्या-तलावांत सकर असाच पसरला आहे आणि तो आता काढता येत नाही. मासे दुकानात परत करावेत किंवा पाळणाऱ्या ओळखीच्या माणसाला द्यावेत.

त्या मुलाचा उरलेला गोल्डफिश माझ्या भावाच्या मोठ्या टाकीत गेला, सकर दुकानाने परत घेतला. फायटर सध्या माझ्याकडे वीस लिटरच्या टाकीत एकटा आहे आणि त्याच्या शेपटीला नवी पारदर्शक कड फुटू लागली आहे. मुलाच्या घरी दोन फुटी टाकीत फिल्टर चालू होऊन तीन आठवडे झाले. तो रोज शाळेतून आला की अमोनियाची चाचणी करतो आणि मला आकडा सांगायला वर येतो. काल अजून शून्य नव्हता.

आपली विश्वासू,
एक वाचक, वर्तकनगर, ठाणे (प.)