भिंत वाचायला शिकवणाऱ्या रंगारी काकांना

काका, नमस्कार.

हे पत्र असं सगळ्यांसमोर लिहिलेलं तुम्हाला आवडणार नाही. "त्यात काय लिवायचं एवढं?" असं म्हणाल आणि विषय बदलाल. म्हणून तुमचं नाव घातलेलं नाही. पण आठवड्यातून एकदा तरी कुणी मुलगी, कुणी मुलगा मला विचारतो, "लोकांच्या घरात भित्तिचित्रं करायची आहेत, ब्रश कुठले घेऊ?" ब्रश मी सांगते, आणि मग तुमच्याबद्दल सांगायला बसते. तेच ते पुन्हा सांगण्यापेक्षा एकदाच लिहून ठेवते.

2018 सालचा ऑगस्ट. कोथरूडमधला तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट. तिथल्या आजींना बैठकीच्या भिंतीवर त्यांचं राजापूरकडचं माहेरचं घर हवं होतं. घर विकून पंचवीसेक वर्षं झालेली. फोटो एकच, तोही लग्नातला, आणि त्यात घर कमी आणि नातेवाईक जास्त. मग आजी सांगायच्या आणि मी काढायचे. खळं म्हणजे पुढचं अंगण, तुळशीवृंदावन, मांगर म्हणजे घराबाहेरची गुरांची आणि सामानाची खोपी, जांभ्याचा चौथरा, त्याच्या कडेने काव म्हणजे तांबडी माती लावलेले पट्टे. विहिरीवरचा रहाट मी तीनदा पुसला, कारण तो आजींना दर दिवशी वेगळ्या बाजूला आठवायचा. भिंत 11 फूट बाय 9 फूट. सतरा दिवस लागले. शेवटच्या दिवशी आजी बराच वेळ काही बोलल्या नाहीत, मग म्हणाल्या, "इथं आमची गाय बसायची," आणि मी संध्याकाळी उशिरापर्यंत थांबून गाय काढून दिली. गाईचे पैसे घेतले नाहीत. माझं घरातलं पहिलंच मोठं काम होतं ते.

गौरी-गणपतीला आलेल्या पाहुण्यांनी भिंतीसमोर उभं राहून फोटो काढले. विसर्जन होऊन आठवडाही झाला नसेल, आजींच्या मुलाचा मेसेज आला, "मॅडम, तुळशीवृंदावन फुगलंय."

मी रंग आणि बारीक ब्रश घेऊन धावत गेले. डोक्यात होतं की थोडं खरवडू, वरून रंग लावू, झालं. तुम्ही समोरच्या फ्लॅटमध्ये छताला पुट्टी मारत होता आणि प्यायला पाणी मागायला म्हणून या दारात आलात. भिंतीकडे बघत राहिलात. मला वाटलं चित्र बघताय. मग खिशातून एक रुपयाचं नाणं काढलंत आणि वृंदावनापासून मांगरापर्यंत टकटक करत गेलात. मधेच आवाज बदलला. भरीव होता तो एकदम डब्यासारखा पोकळ झाला.

"ताई, चित्र झाक जमलंय. पर भिंत वली हाय."

मागे बाथरूम होतं. नळाच्या जोडातून पाणी झिरपत होतं, ते किती महिने झिरपत होतं देव जाणे. ओलीबरोबर प्लास्टरमधला खार वर आला होता आणि त्यानेच रंग उचलला होता. तुम्ही तळहात भिंतीच्या कोऱ्या कोपऱ्यावर घासलात आणि माझ्यासमोर धरलात. पांढरा. खाली जुना डिस्टेंपर, म्हणजे खडूच्या भुकटीचा स्वस्त रंग होता आणि मी तो न काढता, प्रायमरसुद्धा न लावता, थेट त्यावर ॲक्रिलिकने सतरा दिवस काम केलं होतं. पावडरीवर रंग किती दिवस धरणार?

आजींचा मुलगा पैसे परत मागण्याच्या बेतात होता. त्याचंही चुकत नव्हतं. तेव्हा तुम्ही जे बोललात ते मी अजून तसंच्या तसं ऐकू शकते. "पाण्याचा दोष पोरीवर घालू नका. डिस्टेंपरवर काढलं, ती तिची चूक." दोन वाक्यांत निवाडा. माझी बाजू घेतलीत असंही नाही, कारण दुसरं वाक्य मला चांगलंच लागलं. पण त्या दोन वाक्यांमुळे ते काम माझ्याकडे राहिलं.

पुढे प्लंबर आला, भिंतीचा खालचा चार फुटांचा भाग फोडला, नवीन प्लास्टर झालं. मी तिसऱ्या दिवशी विचारलं, आता सुरू करू? तुम्ही नुसते हसलात. सिमेंटला 28 दिवस द्यायचे, ते झाल्यावर ओल जायला आणखी. मग तुम्ही प्लास्टिकचा एक चौकोनी तुकडा चारी बाजूंनी टेप लावून भिंतीवर चिकटवायला सांगितलात. दोन रात्रींनी काढला तर आतून दव धरलेलं. आठ दिवसांनी पुन्हा लावला, पुन्हा थोडं दव. तिसऱ्या खेपेला कोरडा निघाला. त्यानंतर पुट्टीचे दोन हात, पॉलिश पेपर, प्रायमर. पॉलिश पेपर मारून झाल्यावर खोलीतले दिवे बंद करून बॅटरी भिंतीला लागून आडवी धरायची, म्हणजे दिवसा न दिसणारा प्रत्येक उंचवटा सावली टाकतो, हेही तेव्हाच कळलं. हे सगळं तुम्ही तुमच्या रविवारच्या सुट्टीत केलंत. सामानाचे पैसे तेवढे घेतलेत. मजुरीचं विचारलं की "मिसळ खिलव" म्हणायचात, आणि खाऊन झाल्यावर तिखट नव्हती म्हणून तक्रार करायचात.

मला त्या दिवसांत एका गोष्टीची फार लाज वाटायची, आज सांगते. मी कलाशिक्षणाची पाच वर्षं काढलेली. अजिंठ्याच्या तंत्रावर परीक्षेत पानंच्या पानं लिहिलेली. खडकावर आधी मातीचा गिलावा, त्यात भुसा, गवताचे तंतू, मग त्यावर चुन्याचा पातळ थर, आणि तो वाळल्यावर रंग. पाठ होतं सगळं. पण त्याचा अर्थ असा, की त्या लोकांनी चित्राआधी भिंत तयार केली, हे माझ्या डोक्यात कधी शिरलंच नव्हतं. तो मला परीक्षेतला दहा मार्कांचा प्रश्न वाटायचा.

म्हणूनच पुढच्या हिवाळ्यात तुम्हाला हट्टाने वाईजवळ मेणवलीला घेऊन गेले. नाना फडणवीसांच्या वाड्यातली पेशवाईतली भित्तिचित्रं तुम्ही बघावीत असं मला वाटत होतं. मी देवादिकांकडे आणि रेषांकडे बघत होते. तुम्ही हात पाठीमागे बांधून, मान वाकडी करून, जिथे रंग गेलाय तिथली कड बघत होतात. बराच वेळ. "चुना किती घोटलाय बघ," एवढंच म्हणालात. घाटावर बसून डबा खाताना मी विचारलं, चित्रं आवडली का? म्हणालात, "माणसं राहत होती ना तिथं? मग घरातलंच काम हाय की. आपल्यावानी."

ते "आपल्यावानी" मला फार पुरलं, काका. घरात चित्र काढणं म्हणजे गॅलरीतल्यापेक्षा खालच्या दर्जाचं, सोफ्याला मॅचिंग करून देण्याचं काम, असं मला तोवर मनातून वाटायचं. काही जण अजून तसं म्हणतात. म्हणोत.

घरातल्या कामाच्या अशा कितीतरी गोष्टी तुम्ही येता-जाता बोलून गेलात आणि मी पाठीमागून टिपून ठेवल्या. गॅलरीत माणूस उभा असतो, घरात तो बसलेला असतो, म्हणून बारीक काम बसलेल्या नजरेच्या उंचीला हवं. सोफ्यामागे जाणाऱ्या खालच्या दोन-अडीच फुटांत जीव ओतू नये. (आजींची गाय तिथेच होती. दुसऱ्या वेळी ती उठून उभी राहिली.) रंग दुकानातल्या ट्यूबलाइटखाली ठरवायचा नाही. फळीवर लावून त्याच खोलीत सकाळी आणि रात्री, दोन्ही वेळा बघायचा. स्टेनर, म्हणजे छटा आणायला रंगात मिसळायचा घट्ट रंग, ओतत सुटलं की रंग वाळत नाही. स्वयंपाकघराच्या बाजूच्या भिंतीवर तेलकट थर असतो, तो धुतल्याशिवाय हात लावायचा नाही. आणि काम संपल्यावर प्रत्येक मुख्य रंग छोट्या बाटलीत भरून, वर चिठ्ठी लावून घरमालकाला द्यायचा, कारण नातवंडं खडू घेऊन येणारच. त्या बाटल्यांमुळे मला जितकी पुढची कामं मिळाली तितकी कुठल्या फोटोमुळे मिळाली नाहीत.

आता मी कोटेशन देताना चित्राचे पैसे वेगळे आणि भिंतीच्या तयारीचे वेगळे लिहिते. लोक दुसऱ्या आकड्यावर घासाघीस करतात. मी तो आकडा कमी करत नाही. चित्राचा एक वेळ करेन.

एक गोष्ट मात्र मला अजून जमलेली नाही. आजींच्या भिंतीवर उजव्या कोपऱ्यात माझी सही आहे आणि तुमचं काम त्या सहीच्या खाली, पुट्टी आणि प्रायमर होऊन कायमचं झाकलेलं. तुमचंही नाव घालू म्हटलं तर तुम्ही चिडलात. मग तुम्हाला न सांगता मी एक उद्योग केला. मांगराच्या दारात एक माणूस पाठमोरा बसलाय, टोपी तिरकी, हात पाठीमागे बांधलेले. आजी विचारत होत्या, हा कोण, आमच्याकडे असा गडी नव्हता. मी म्हटलं, असू दे, नवीन ठेवलाय.

त्या भिंतीने तेव्हापासूनचे सगळे पावसाळे काढले. गेल्या दिवाळीत जाऊन मी स्वतः नाणं वाजवून आले. भरीव आहे.

आता कामाचं बोलते. साताऱ्यात एका नव्या बंगल्यात जिन्याची दुमजली भिंत आली आहे, तळापासून वरपर्यंत 19 फूट. प्लास्टर होऊन जेमतेम बारा दिवस झालेत आणि मालकांना वास्तुशांतीच्या आत चित्र पूर्ण हवंय. मी 28 दिवसांचं सांगितलं, प्लास्टिकचा तुकडाही लावून दाखवला, आतून पाणी ओघळत होतं. तरी ते म्हणतात, "मॅडम, तुम्ही कलाकार, तुम्हाला प्लास्टरचं काय कळतंय?" तुम्ही गावाहून कधी येताय ते कळवा. एक फेरी साताऱ्याला टाकू. बोलायचं काहीच नाही, नुसतं खिशातून नाणं काढायचं.

आणि तुमची पुट्टीची जुनी पट्टी माझ्याकडेच आहे. शोधू नका.

तुमची,
कोथरूडची ताई