यादी आधी, निर्लेखन नंतर : महाविद्यालयांतील दुर्मीळ ग्रंथांविषयी उच्च शिक्षणमंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. उच्च व तंत्रशिक्षण मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई.

महोदय,

सविनय नमस्कार.

परीक्षांचा हंगाम सरला की राज्यातील महाविद्यालयांच्या ग्रंथालयांत ग्रंथपडताळणी होते आणि तिच्या पाठोपाठ निर्लेखनाचा, म्हणजे पुस्तके नोंदीतून कायमची काढून टाकण्याचा, प्रस्ताव तयार होतो. फाटलेली क्रमिक पुस्तके, बदललेल्या अभ्यासक्रमाची गाइडे, कालबाह्य झालेली संगणकाची पुस्तके या प्रस्तावात असतात आणि ती असायलाच हवीत. जागा सगळ्यांनाच कमी पडते. परंतु शंभर-सव्वाशे वर्षांच्या जुन्या महाविद्यालयांत त्याच गठ्ठ्यातून, ‘जीर्ण’ एवढ्याच शेऱ्यानिशी, शिळाप्रेसवर छापलेली एखादी पोथी किंवा संस्थानी छापखान्यातून निघालेला एखादा अहवालही रद्दीत जातो, कारण ते पुस्तक वेगळे आहे असे सांगणारा एकही कागद ग्रंथालयात नसतो. मी महाविद्यालयीन ग्रंथपाल म्हणून निवृत्त झालो असून, हा कागद तयार करण्याचा आदेश आपण द्यावा, एवढ्यासाठीच हे पत्र लिहीत आहे.

आपल्याकडे महाविद्यालयांनी दुर्मीळ ग्रंथ क्वचितच विकत घेतले. ते आले ते देणगीतून : निवृत्त प्राध्यापकांची कपाटे, वकिलांच्या घरातील संग्रह, बंद पडलेल्या वाचनालयांची पुस्तके. काही पुस्तके तर महाविद्यालय स्थापन झाले तेव्हा नवीन म्हणूनच घेतली होती आणि कोणी हात न लावल्यामुळे शंभर वर्षांनी दुर्मीळ झाली. राजाराम (१८८०), फर्ग्युसन (१८८५), हिस्लॉप (१८८३), विलिंग्डन (१९१९) अशा महाविद्यालयांच्या वयाकडे पाहिले, तरी त्यांच्या मांडण्यांवर काय असू शकते याचा अंदाज येतो.

सरकारने महाविद्यालयातील प्राध्यापकांना हाताशी धरून संग्रह उभा करण्याचा एक उत्तम नमुनाही आपल्याच प्रांतात आहे. मुंबई सरकारने १८६६ पासून संस्कृत-प्राकृत हस्तलिखिते जमवण्यास प्रारंभ केला आणि ब्यूलर, कीलहॉर्न, रामकृष्ण गोपाळ भांडारकर अशा विद्वानांनी गावोगावी हिंडून ती मिळवली. त्यांनी नुसती हस्तलिखिते आणून ठेवली नाहीत. काय मिळाले याच्या याद्या आणि अहवाल वेळोवेळी छापले. हा संग्रह बरीच वर्षे डेक्कन कॉलेजात होता आणि १९१७ साली भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराची स्थापना झाल्यानंतर तो तेथे सोपवण्यात आला. संग्रहाची जागा बदलली, संस्था बदलली, तरी त्याचा हिशेब लागतो, तो त्या याद्यांमुळे. छापील पुस्तकांच्या बाबतीत असे काम महाविद्यालयांमध्ये झाले नाही. हस्तलिखित एकमेव असते हे सर्वांना पटते; छापील पुस्तक मात्र ‘दुसरीकडे असेलच’ या भरवशावर सोडून दिले जाते.

नियमांची स्थितीही चमत्कारिक आहे. केंद्र सरकारच्या २०१७ च्या सामान्य वित्तीय नियमांनुसार, देवघेवीत आलेल्या दर हजार पुस्तकांमागे वर्षाला पाच पुस्तके गहाळ होणे क्षम्य मानले जाते. मात्र हजार रुपयांहून अधिक किमतीचे पुस्तक हरवले, किंवा दुर्मीळ ग्रंथ हरवला, तर त्याची किंमत कितीही असली तरी चौकशी झालीच पाहिजे, असे तेथे स्पष्ट म्हटले आहे. तरतूद चांगली आहे, पण दुर्मीळ कशाला म्हणायचे हे ती सांगत नाही. पुस्तक ग्रंथालयात आले की ज्यात नोंदतात त्या दाखल नोंदवहीत तर १८६० सालच्या पुस्तकापुढे ‘बारा आणे’ अशी किंमत लिहिलेली असते आणि निर्लेखनाच्या प्रस्तावात तोच आकडा रुपयांत उतरतो. पाऊण रुपयाचे पुस्तक काढून टाकायला कोणती समिती हरकत घेणार?

म्हणून व्याख्या शासनाने करून द्यावी. मराठीपुरते पाहिले, तर पहिली रेघ आखणे अवघड नाही. १८०५ साली बंगालमधील श्रीरामपूरला विल्यम कॅरी या मिशनऱ्याचे मराठी व्याकरण छापले गेले, तेथपासून १८६७ च्या पुस्तक नोंदणी कायद्यापर्यंतच्या पुस्तकांना आपले अभ्यासक दोलामुद्रिते म्हणतात. ती सरसकट दुर्मीळ मानावीत. त्यानंतरच्या पुस्तकांसाठी वर्ष हा एकच निकष पुरणार नाही. ब्रिटिश सरकारने जप्त केलेली पुस्तके, छोट्या गावांतील छापखान्यांची प्रकाशने, एखाद्या नामवंत अभ्यासकाने समासात टिपणे केलेली प्रत, ‘विविधज्ञानविस्तार’सारख्या मासिकाचे सलग अंक, आणि हो, महाविद्यालयाची स्वतःची वार्षिके व स्मरणिका, ज्या दुसरे कोणीही जपून ठेवणार नाही, यांचाही विचार व्हायला हवा. शंकर गणेश दाते यांच्या मराठी ग्रंथसूचीचा पहिला खंड १८०० ते १९३७ या काळाचा आहे. हातातले पुस्तक त्यात आहे की नाही, हे जाणत्या ग्रंथपालाला काही मिनिटांत पाहता येते. आणि नसेल, तर ते पुस्तक अधिकच जपून ठेवावे लागेल.

आता जतनाविषयी. जुने ते अधिक जीर्ण, ही समजूत कपाट उघडल्यावर टिकत नाही. चिंध्यांच्या लगद्यापासून केलेल्या कागदावर १८४० च्या सुमारास छापलेले पुस्तक कित्येकदा आजही लवचीक असते, तर १९२०-३० च्या काळातले, लाकडाच्या लगद्याच्या आम्लयुक्त कागदावरचे पुस्तक पान उलटताच कोपऱ्यातून तुटते. कसर आणि वाळवीवर उपाय करता येतो, हे आम्ल मात्र आतूनच कागद खात असते. तरीही सर्वांत जास्त नुकसान मी पाहिले ते बांधणीत. दर पुस्तकामागे ठरलेल्या स्वस्त दराने काम घेणारा बाइंडर पुस्तकाच्या तिन्ही कडा यंत्राखाली कापतो आणि मळके मूळ मुखपृष्ठ फेकून देतो. एकोणिसाव्या शतकातील कितीतरी मराठी पुस्तकांच्या त्या मुखपृष्ठावरच छापखान्याचे नाव, किंमत आणि ‘हे पुस्तक सन १८६७ च्या २५ व्या आक्टाप्रमाणे रजिस्टर केले आहे’ अशी ओळ असते. मागच्या बाजूला त्याच दुकानातील इतर पुस्तकांची जाहिरात असते. कडांबरोबर समासातील टिपणांची अर्धी अक्षरेही जातात. वर रेक्झिन चढवून पुस्तक नवे दिसू लागते आणि लेखापरीक्षणात ‘दुरुस्ती केली’ अशी नोंद होते. दुर्मीळ ठरलेले पुस्तक साध्या बांधणीच्या निविदेत देता कामा नये, एवढी एक ओळ आदेशात असली तरी पुष्कळ वाचेल.

डिजिटायझेशनसाठी निधी द्यावा, अशी मागणी आपल्याकडे वारंवार येत असेल. माझा त्याला विरोध नाही, आणि कायद्याचीही आडकाठी नाही : लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षांनी पुस्तक हक्कमुक्त होते, आणि हक्क शिल्लक असले तरी स्वामित्वहक्क कायद्याच्या २०१२ च्या दुरुस्तीनंतर बिगर-व्यावसायिक सार्वजनिक ग्रंथालयाला आपल्याकडील छापील ग्रंथाची जतनासाठी डिजिटल प्रत करता येते; महाविद्यालयीन ग्रंथालयांनाही ही मुभा आहे, असा खुलासा विभागाने केला तर शंका उरणार नाही. पण यादीच नसताना स्कॅनर घेतला, तर आधी हाताशी येतील ती पुस्तके स्कॅन होतात, फायलींना अनुक्रमांकाखेरीज नाव नसते, आणि ती हार्ड डिस्क कोणाच्या कपाटात आहे हे पुढच्या ग्रंथपालाला ठाऊक नसते. त्याहून वाईट म्हणजे ‘आता पीडीएफ आहे’ म्हणून मूळ प्रत निर्लेखनात टाकली जाते.

मध्यंतरी महाविद्यालयांचे मूल्यांकन करणाऱ्या नॅक या संस्थेला द्यायच्या अहवालात दुर्मीळ ग्रंथ व हस्तलिखितांविषयी एक प्रश्न असे, आणि त्या निमित्ताने काही ठिकाणी कपाटे उघडली गेली. उत्तरादाखल जाडजूड विश्वकोशांची आणि महागड्या चित्रसंग्रहांची नावे भरणारी महाविद्यालयेही होती, हे खरे; व्याख्या नसली की असेच व्हायचे.

सुदैवाने उच्च शिक्षण संचालनालय आणि ग्रंथालय संचालनालय ही दोन्ही आपल्याच विभागाच्या अखत्यारीत आहेत. १९६७ चा सार्वजनिक ग्रंथालय अधिनियम महाविद्यालयांना लागू होत नाही, तरी दोन्ही संचालनालयांनी मिळून एक नमुना तक्ता ठरवावा : ग्रंथाचे नाव, कर्ता, छापखाना, गाव, वर्ष, दाखल क्रमांक, प्रतीची अवस्था, देणगीदार. पन्नास वर्षांहून जुने कोणतेही पुस्तक या तक्त्यात तपासल्याशिवाय निर्लेखनास पाठवू नये आणि अशा प्रस्तावांची यादी महिनाभर जाहीर ठेवावी, म्हणजे विद्यापीठाला किंवा मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयासारख्या संस्थेला ते पुस्तक मागून घेता येईल. जतनासाठी प्रत्येक महाविद्यालयात प्रयोगशाळा नको. महसुली विभागामागे एक चांगली पुरे. हे काम कोणी करायचे, हा प्रश्न मात्र टाळता येणार नाही. अनेक अनुदानित महाविद्यालयांत ग्रंथपालाचे पद रिकामे आहे आणि किल्ल्या लिपिकाकडे आहेत. निदान शंभरी ओलांडलेल्या महाविद्यालयांतील ग्रंथपालांची पदे अग्रक्रमाने भरावीत.

या वर्षीची ग्रंथपडताळणी सुरू होण्यापूर्वी निर्लेखनाविषयीचा आदेश निघावा, ही विनंती. तक्ता नंतर आला तरी चालेल. तोवर जुन्या पुस्तकांचे प्रस्ताव थांबवून ठेवता येतील आणि त्याला खर्चही नाही.

आपला विश्वासू,
एक निवृत्त महाविद्यालयीन ग्रंथपाल