नेटवर्क प्रोग्रॅमिंगच्या प्रात्यक्षिकांत ‘टीआयपीसी’ हवे

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

संगणक अभियांत्रिकीच्या प्रात्यक्षिकांत सॉकेट (नेटवर्कवरून बोलणाऱ्या प्रोग्रॅमच्या जोडणीचे टोक) शिकवताना आपण विद्यार्थ्यांच्या हाती यंत्राचा आयपी पत्ता आणि त्यावरच्या प्रोग्रॅमचा पोर्ट क्रमांक देतो आणि तिथेच थांबतो. त्यामुळे अनेक यंत्रे मिळून एकच काम करणाऱ्या क्लस्टरमध्येही पत्ता म्हणजे यंत्राचा ठावठिकाणा, ही समजूत पक्की होते. नोकरीच्या पहिल्याच वर्षी मी तिची किंमत मोजली आहे. आमचा एक सर्व्हर दुसऱ्या यंत्रावर हलवला, अकरा ठिकाणचे पत्ते बदलले, बारावा राहून गेला आणि तो सापडेपर्यंत उजाडले.

एरिक्सनमध्ये जॉन मलॉय यांनी विकसित केलेला टीआयपीसी (ट्रान्सपरंट इंटर-प्रोसेस कम्युनिकेशन) हा क्लस्टरमधल्या प्रोग्रॅमनी एकमेकांशी बोलण्याचा प्रोटोकॉल, म्हणजे नियमसंच, २००६ मध्ये लिनक्स कर्नलच्या (लिनक्सच्या गाभ्याच्या) २.६.१६ या आवृत्तीत आला. त्यात सर्व्हर आपले सॉकेट बाइंड करतो, म्हणजे बांधतो, ते सेवेच्या पत्त्याला: ३२ बिटांचा एक अंक सेवेचा प्रकार सांगतो, तेवढाच दुसरा तिचा इन्स्टन्स, म्हणजे त्या प्रकारातली नेमकी कोणती सेवा ते. क्लस्टरभर केलेली ही नोंद प्रत्येक नोडवरच्या (क्लस्टरमधल्या यंत्रावरच्या) तक्त्यात पोहोचते. म्हणून क्लायंटने, म्हणजे सेवा मागणाऱ्या प्रोग्रॅमने, तोच पत्ता देऊन कनेक्ट केले, की सर्व्हर कोणत्या यंत्रावर आहे हे कर्नलच शोधून काढते. जोडणी झाल्यावर मात्र दोन्ही सॉकेट एकमेकांना नोड आणि पोर्ट क्रमांकाने ओळखतात. वेगळे कनेक्ट न करता पहिला संदेशच सेवेच्या पत्त्यावर पाठवला तरी चालते. सर्व्हरचे उत्तर आले की जोडणी पूर्ण होते.

वर्गात मी तीन लॅपटॉप एका स्विचला जोडते, प्रकार १८८८८ आणि इन्स्टन्स १७ घेऊन पहिल्यावर सर्व्हर सुरू करते, मग तो बंद करून दुसऱ्यावर चालवायला एखाद्या विद्यार्थिनीला सांगते. तिसऱ्यावरचा क्लायंट, एक अक्षरही न बदलता, पुन्हा कनेक्ट होतो. समोरचे यंत्र गोठले, तर मूळ सेटिंगप्रमाणे दीड सेकंद वाट पाहून दुवा तुटला असे धरले जाते, हेही मुलांना त्याच तासात दिसते.

हा प्रोटोकॉल विश्वासातल्या क्लस्टरसाठी आहे, खुल्या इंटरनेटसाठी नव्हे, हे शिकवतानाच सांगावे. पण तो लिनक्समध्ये आयता असताना आणि त्याला वेगळा खर्च नसताना, विद्यापीठांच्या अभ्यास मंडळांनी याचे एक तरी प्रात्यक्षिक पुढच्या आराखड्यात घ्यावे, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

आपली,
संगणक अभियांत्रिकीची एक प्राध्यापिका, सांगली